डबल झाकणाचे डबे

चहापत्तीच्या दुकानात माणसं चहा घ्यायला येतात, असा पहिली दोन-तीन वर्षं माझाही समज होता. नंतर कळलं की निम्मी माणसं तक्रार घेऊन येतात, आणि तक्रार चहाची नसते, डब्याची असते. अशा गोष्टी कुणी मुद्दाम साठवत नाही, त्या आपोआप साठतात. इंदिरानगरला घरी जाताना बसमध्ये एखादी आठवते, हसू येतं, आणि पुढचा स्टॉप यायच्या आत ते जातंही.

आमचं दुकान नाशिकला, मेन रोडच्या मागच्या गल्लीत. सुटा चहा आणि चहा ठेवायचे डबे विकतो. माणसं तीनच. वडील गेल्यावर मालक झालेला मंदारशेठ, त्याच्या वडिलांच्या काळापासून चहाचं मिश्रण करणारे मुळेकाका, आणि काउंटरवर मी.

काका चिमूटभर पत्ती तळहातावर चोळायचे, हात नाकाशी न्यायचे आणि माल कसा आहे ते सांगायचे. डब्याबाबत त्यांचा कायदा ठरलेला. पत्र्याचा नाहीतर स्टीलचा, डबल झाकणाचा, आतून कोरडा ठणठणीत, आणि ज्यात आधी दुसरं काहीही ठेवलेलं नाही असा. काचेची बरणी कुणी मागितली की म्हणायचे, "लोणच्याला घ्या."

* * *

गंगापूर रोडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. एकदा अर्धा किलो चहा परत घेऊन आल्या. म्हणाल्या, कसला तरी वास येतोय, तुमचा माल बिघडलाय.

काकांनी पुडी हुंगली आणि विचारलं, "बाई, घरी हा हिंगाच्या डब्यात ठेवला होतात का?"

डबा तीन वेळा घासलाय, उन्हात ठेवलाय, असं त्यांनी सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, हिंगाचा वास पत्र्याला सोडत नाही आणि चहा शेजारच्याचा वास उचलल्याशिवाय राहत नाही. त्यांनी चहा बदलून दिला आणि एक नवा डबा समोर ठेवला.

बाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला. "अच्छा. म्हणजे डबा खपवायचा होता तर."

पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक होतं. पुन्हा आल्या नाहीत. मी काकांना म्हटलं, खोटं बोलला असतात तर टिकल्या असत्या. ते म्हणाले, "म्हणून तर खोट्याला जास्त गिऱ्हाईक आहे."

* * *

पंचवटीतले एक गुरुजी. बायको गेलेली, दोन्ही मुलं परदेशात. मुलांनी त्यांच्या पंच्याहत्तरीला तांब्याचा नक्षीदार डबा पाठवला होता. त्यात घालायला त्यांना आमच्याकडचा सगळ्यात चांगला चहा हवा होता.

काकांनी आत बोट फिरवलं. कल्हई नव्हती. यात चहा ठेवू नका म्हणाले.

"तांब्यातलं पाणी चालतं, मग चहा का नाही?"

"पाणी तुम्ही सकाळी पिऊन टाकता, गुरुजी. चहा महिनाभर आत बसतो."

गुरुजींना ते पटलं नाही. पावसाळ्यात ओल लागली, पत्तीला धातूची चव उतरली आणि सगळा चहा फेकून द्यावा लागला. मग कल्हई करायला माणूस शोधला. ओळखीतला एक होता, तो मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता. शेवटी गुरुजींनी आमच्याकडून साधा स्टीलचा छोटा डबा नेला.

तांब्याचा डबा मात्र ते दर रविवारी चिंच लावून घासतात. रविवारी मुलांचा व्हिडिओ कॉल असतो. मुलं विचारतात, बाबा, डबा दाखवा. गुरुजी दाखवतात.

एकदा काउंटरला टेकून मला म्हणाले, "डबा चकचकीत दिसला की पोरांना वाटतं, बाबाचं बरं चाललंय."

* * *

एका दिवाळीला मंदारशेठनं छापील डबे करून घेतले. वर द्राक्षांचे घड, खाली गोदाघाट. अंबडच्या एका कारखान्याची कामगारांना वाटायची ऑर्डर मिळाली होती. डबे आले ते रंगाच्या वासासकट. काका म्हणाले, आठ दिवस झाकणं काढून गच्चीवर ठेवा, मग भरा. मंदारशेठ म्हणाला, दिवाळी आठ दिवस थांबत नाही.

भाऊबीज झाली आणि कारखान्याचे साहेब दुकानात आले. आमच्या माणसांच्या घरोघरी ऑइलपेंटचा चहा झालाय, म्हणाले.

मंदारशेठनं माझ्याकडे हात केला. "या आमच्या मावशी. डबे वाऱ्यावर ठेवायला सांगितलं होतं, विसरल्या."

मी काकांकडे पाहिलं. काका मंदारशेठकडे पाहत होते. मंदारशेठ मोबाइलकडे. मी हात जोडले आणि माझं चुकलं म्हणाले. साहेब जरा मऊ झाले. जाताना मलाच समजावून गेले की वयोमानानं होतं असं, मनाला लावून घेऊ नका. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

* * *

यमुना नावाची एक बाई होती, पेठ तालुक्याकडची. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला कामाला यायची आणि हंगाम संपला की गावाकडे जाताना नाशिकला बस बदलायची. तेवढ्या वेळात आमच्याकडून चहाची भुकटी न्यायची. एका वर्षी तिनं डबाही मागितला. मी भुकटी डब्यात भरायला लागले तर म्हणाली, ती कागदात बांधा.

मी म्हटलं, अगं, तुमच्याकडच्या पावसात कागदातला चहा सादळेल. तिनं सांगितलं की चहा आठ दिवसांत संपतो. डबा कागदांसाठी हवा होता. सासऱ्यापासून कसत असलेल्या वनजमिनीच्या दाव्याचे कागद होते, पावत्या, पंचनामा, आणि घर गळत होतं.

"झाकण घट हाय ना, बाई? पानी जायला नको."

काका आतून उठून आले. कपाटातले तीन डबे काढले, प्रत्येकात कोरा कागद घातला, झाकणं दाबली आणि डबे पाण्याच्या बादलीत बुडवून धरले. दोन डब्यांतले कागद भिजले. तिसऱ्यातला कोरडा निघाला. तो डबा पुसून त्यांनी तिच्या हातात दिला. चहासाठी इतकी परीक्षा त्यांनी कधी घेतली नव्हती.

पुढच्या वर्षी ती आली तेव्हा काकांनी आधी डब्याचंच विचारलं.

"कागद कोरडे राहिले," यमुना म्हणाली. "जमीन नाय मिळाली."

* * *

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी काकांना ताप आला. पंधरा दिवसांनी कामावर आले, जरा वाळले होते, बाकी ठीक. एका सकाळी आतल्या शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं. धुराचा वास काउंटरपर्यंत आला म्हणून मी धावत गेले. काका शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर बसून पत्ती चाळत होते.

मी गॅस बंद केला. त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेठला सांगू नका," एवढंच म्हणाले.

पुढचे आठ महिने माल आला की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे, पत्ती हुंगायचे आणि हळूच सांगायचे. हा खमंग आहे, याला जरा ओल लागलीय. माझं नाक काकांच्या नाकापुढे काहीच नव्हतं, पण वीस वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून थोडं शिकले होते. मिश्रण ते करायचे. गिऱ्हाइकांना कळलं नाही.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी मी महिनाभर रजेवर गेले. त्याच महिन्यात फिनेलच्या कॅनशेजारी राहिलेलं एक पोतं काकांनी पास केलं. गिऱ्हाइकं पुड्या घेऊन परत आली. मंदारशेठनं विचारल्यावर काकांनी सगळं खरं सांगितलं. माझं नाव तेवढं घेतलं नाही.

मंदारशेठनं त्यांना काढलं नाही. डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. नवीन लेबल होतं. त्यावर काकांचा जुना फोटो, तळहात नाकाशी नेलेला, आणि खाली ओळ: 'अनुभवी नाकानं निवडलेला चहा.'

दिवसभर बसून काका स्वतःलाच डब्यावर चिकटवायचे. एकदा मला म्हणाले, "फोटोतल्याला येतोय अजून वास. त्याला ठेवा कामावर."

* * *

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. मंदारशेठनं दुकानातच छोटा कार्यक्रम केला. गल्लीतले दुकानदार आले, पेढे आले, फोटोवाला आला. भेट म्हणून चांदीचा मुलामा दिलेला मोठा डबा होता, डबल झाकणाचा, वर काकांचं नाव कोरलेलं. मंदारशेठनं भाषणात सांगितलं की यात आमच्या दुकानातला सर्वोत्तम चहा आहे, आणि तो काकांनीच आम्हाला ओळखायला शिकवला.

टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, काका, उघडून वास घ्या, लेबलवर आहे तसा.

काकांनी वरचं झाकण काढलं, मग आतलं. आत पाहिलं. डबा नाकाशी नेला आणि डोळे मिटले. फोटो निघाला. मग त्यांनी नेहमीसारखं आतलं झाकण अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बसवलं, वरचं लावलं, आणि बोलायला उभे राहिले.

ते एकच वाक्य बोलले. "चाळीस वर्षांत पुष्कळ चहा पाहिला, पण मंदारशेठनं दिलेला हा चहा कधीच शिळा होणार नाही."

टाळ्यांनी दुकान भरून गेलं. मंदारशेठ वाकून त्यांच्या पाया पडला. कुणीतरी डोळे पुसले.

माणसं पेढ्यांकडे वळली तेव्हा पिशवीत घालायला मी डबा उचलला, आणि माझा हात तिथंच थांबला. हलवून पाहिला. आत काहीच नव्हतं.

काकांनी तो माझ्या हातून घेतला आणि काखेत धरला.

"द्या इकडे, सुनंदाबाई," ते म्हणाले. "मी नेतो. जड नाहीये."