अमरावतीतला माझा तिसरा महिना

अकोल्याच्या एसटी स्टँडवर मायनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतःच गाडीत चढून वरच्या फळीवर ठेवली. पिशवीत दोन लुगडी आणि शेंगदाण्याची चटणी, एवढंच होतं. पण तिनं मला उचलू दिली नाही. सुमन, तू माझी सख्खी बहीण, पण त्या दिवशी घरी बकऱ्यांपाशी थांबली होतीस, म्हणून हे तुला ठाऊक नाही. गाडी सुरू झाली तशी माय खिडकीशी आली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "कोणाले सांगू नको, इंदे. कोणी इचारलंच, तं महिना कमी सांगजो." मग ती मागं सरली. हात हलवला नाही. आपल्याकडे हात हलवायची सवयच नाही.

मला पाचवा लागला होता. आधीची दोन राहिली नव्हती, दोन्ही पाचव्या-सहाव्यातच गेली. दोन्ही वेळा गावातल्या बायांनी आधी माझं पोट पाहून कौतुक केलं होतं, म्हणून मायच्या मनात नजरेचं पक्कं बसलं. मला काय बसलं होतं ते मी कोणाला बोलले नाही. मला वाटायचं, माझ्या अंगातच काहीतरी कमी आहे, जसं एखाद्या वाफ्यात काही केल्या रोप धरत नाही.

आपली विहीर आटली, गावातल्याच माझ्या सासरची आटली, तेव्हा मळाच उठला. वांगी नाही, शेवंती नाही, कोथिंबिरीची जुडी नाही. त्या वर्षांत आपल्या गावाची सकाळ कशी असायची ते आठवतं का तुला? कोणाचं दार उशिरा उघडलं की शेजारचे उगीचच हाक मारायचे, "काहो, हायेत का घरात?" आतून आवाज आला की पुढं जायचे. यांनी एक दिवस तसंच एका दारासमोर उभं राहून हाक मारली, आतून आवाज आला नाही, आणि घरी आल्यावर म्हणाले, आपण अमरावतीला जाऊ. भाड्यानं ऑटो चालवायला मिळतो म्हणतात. मी दोन लुगडी पिशवीत घातली.

अमरावतीत आम्हाला एक खोली मिळाली. पुढं सामाईक नळ, मागं मोरीचं पाणी जातं ती चिंचोळी जागा. हे सकाळी ऑटो घेऊन गेले की मी दार लोटून बसायची. गावात आपल्याला सगळं उघड्यावर करायची सवय, इथं मी भिंतीकडे तोंड करून भाजी निवडायची. कोणाशी बोलायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. भाजीवाल्याला पाव किलो म्हणायलाही मी दोनदा मनात म्हणून बघायची.

शेजारी एक खाला राहायच्या. कपडे शिवायच्या. त्यांच्या मशीनचा आवाज भिंतीतून यायचा, तोच मला सोबतीचा. एक दिवस त्यांनी दार ढकललं आणि सरळ म्हणाल्या, "काहून गं बेटी, दिवसभर भिंतीलेच पाहून राहिली? दवाखान्यात जाते का नाही?"

मी मान हलवली. गेले होते एकदा. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, ओझं उचलू नका, फार घाबरू नका, आणि दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये गरोदर बायकांचा योगाचा वर्ग असतो, तिथं या. मी हो म्हणाले आणि गेले नाही. योगा म्हटलं की मला शीर्षासनच डोळ्यापुढं यायचं. पाय वर, डोकं खाली. ते आणि पोटुशी बाई?

खालांनी हे ऐकलं आणि इतक्या हसल्या की खोकला लागला. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या जुन्या लुगड्याची सैल सलवार आणि वर कुडता शिवून आणला. मी जन्मात सलवार घातली नव्हती. घातली आणि खोलीच्या बाहेरच येईना. "चल ना, तुले कोण पाहून राहिलं?" असं म्हणत त्यांनी मला हाताला धरून नेलं, आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात ब्लाउजांना हुक लावत बसल्या.

हॉलच्या दारात मी थबकले ते थबकलेच. आत सतरंज्यांवर पंधरा-वीस बायका आडव्या पडल्या होत्या. भर दिवसा. सुमन, आपल्याकडे बाई दिवसा आडवी झाली म्हणजे एकतर ताप, नाहीतर आणखी वाईट काही. सासूच्या देखत टेकायची सोय नाही. आणि इथं कोणी मास्तराची बायको, कोणी हमालाची सून, कोणी फुलं विकणारी, सगळ्या डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन, डोळे मिटून. कोणी आजारी नव्हतं. पंखा फिरत होता. मला देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटलं, चपला मी दारापासून लांबच काढल्या.

वर्ग घेणाऱ्या ताई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कितवा महिना?"

मायचा आवाज कानात होता. मी म्हणाले, "तिसरा."

"कार्ड?"

"घरी राहिलं."

तिसऱ्या महिन्यातल्या बायकांना ताई आसनं करू देत नसत. बाकीच्या भिंतीला टेकून फुलपाखरासारखे गुडघे हलवायच्या, मांजरीसारख्या हातापायांवर उभ्या राहून पाठ वरखाली करायच्या. मला कोपऱ्यात नुसतं पडायचं आणि श्वास घ्यायचा. मला वाटलं, हे तर बरंच झालं, काहीच येत नसलं तरी चालेल.

पण तेच मला येईना. ताई म्हणायच्या, "श्वास सावकाश बाहेर जाऊ द्या." माझा आतच राहायचा. किती दिवसांनी मला कळलं की मी आयुष्यभर श्वास धरूनच काम करत आले. आठव, टोमॅटोची पाटी डोक्यावर घेताना आपण काय करतो? दम धरतो, दात दाबतो, आणि उचलतो. विहिरीची बादली, गवताचा भारा, सगळं धरलेल्या दमावर. मी पडून होते, डोक्यावर काही नव्हतं, तरी माझं अंग पाटी धरूनच होतं.

मग ताई एकेक अवयव सांगायच्या. पायाची बोटं ढिली. पोटऱ्या ढिल्या. एकदा म्हणाल्या, "कपाळ ढिलं करा." कपाळ! कपाळालाही ढिलं करता येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी केलं, आणि डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. दुःख काही आठवत नव्हतं. नुसतं पाणी गेलं. श्वास आपोआप आला, आपोआप गेला, मी काही न करता. माझ्या शेतात मी नसताना कोणी पाणी देऊन जावं, तसं वाटलं. आणि त्या शांततेत आत, अगदी खोल, काहीतरी फिरलं. मासोळी पाण्यात वळते तसं. मी कोणाला सांगितलं नाही. घरी येईपर्यंत मी पाऊल जपून टाकत होते.

मी रोज जात राहिले, आणि रोज तिसराच सांगत राहिले. माझ्यानंतर आलेल्या बायकांचे तिसरे संपून चौथे लागले, त्या मांजरी झाल्या, फुलपाखरं झाल्या, मी आपली कोपऱ्यात. फुलं विकणारी होती ना, ती एक दिवस मोठ्यानं म्हणाली, "हिचा तिसरा म्हंजे धोंड्याचा महिना हाय वं, पुन्हा पुन्हा येते!" सगळ्या हसल्या. मी सतरंजीच्या दशा ओढत बसले.

पण पुढं पोट लपेना. सहावा लागला तसा मला झोप येईनाशी झाली. दोघांच्या वेळी ज्या दिवसांत झालं, तेच दिवस आले होते. मी वर्गाला जायची ती आता शिकायला नाही, तर तेवढा वेळ भीती थोडी सैल पडायची म्हणून.

अशाच एका दिवशी मी कुशीवर पडले होते. ताई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. माझ्या कुडत्यावरून एक लाट गेली, इकडून तिकडे, डोळ्यांना दिसेल अशी. मग पुन्हा. ताई गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "इंदूबाई, तिसऱ्या महिन्यातलं बाळ असं हलताना दिसत नाही हो."

मी उठून बसले. आता झालं, असं वाटलं. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांना कळलं. मी एवढंच बोलू शकले, "आधीची दोन गेली, ताई. माय म्हणाली सांगू नको."

मला वाटलं आता रागावतील. तेवढ्यात ती फुलवाली, जी मला चिडवायची, हातांवर जोर देत उठली. स्वतःचा आठवा होता तिला. माझ्यासमोर येऊन बसली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग तिच्या मागं दुसरी. मास्तरीणबाई. हमालाची सून. एकेक जड पोट माझ्यासमोर टेकायचं, हात उतरायचे, बोटं मोडायची. ज्यांच्या डोळ्यांना मी इतकी भ्यायले, तेच डोळे माझी नजर काढत होते. शेवटी ताईंनीही मोडली. त्यांची मोडेनात, तर पुन्हा मोडली.

दारातून खाला म्हणाल्या, "मले तं पयल्याच दिवशी कळलं होतं. सलवारीले नाडी मी उगाच येवढी लांब टाकली काय?"

त्यानंतर ताईंनी मला कार्ड दाखवायला लावलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि मग मीही भिंतीला टेकून फुलपाखरू झाले. योगानं माझं मूल राहिलं असं मी म्हणत नाही. ते कशानं राहिलं ते मला ठाऊक नाही, आणि आता ठाऊक करून घ्यावंसंही वाटत नाही. सहावा गेला. सातवा गेला. कळा सुरू झाल्या तेव्हा मी दम धरला नाही. ताईंचा हात कमरेवर होता आणि मी प्रत्येक कळेला श्वास लांब सोडत होते. पोरगी रडली तेव्हा मी तिच्या छातीकडे बघत राहिले. एवढीशी छाती, आणि श्वास घ्यायचा कसा हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हटलं, म्हणून माय इथं आली. काही दिवसांनी पोरीच्या बेंबीची नाळ वाळून गळली. मायनं ती फडक्यात बांधली आणि पदराला गाठ मारली. गावी नेऊन मळ्यात पुरते म्हणाली.

मी म्हणाले, "नको माय. हितंच पुरू."

"भाड्याच्या जागेत नाळ पुरते काय कोणी?"

मायला उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हणाले, "हिले हितल्या बायांनी राखलं."

मायनं पोरीचं दुपटं सारखं केलं. मग उठली आणि मागच्या चिंचोळ्या जागेत गेली. वर सगळा विटांचा चुरा होता. सांडशीनं तिनं तो उकरला, हातानं बाजूला केला, आणि खाली काळी माती लागली. चिमूटभर घेऊन तिनं बोटांत चोळली. आल्यापासून तिनं या खोलीला, या गल्लीला, नळाच्या पाण्याला एकही बरा शब्द दिला नव्हता.

"माती चांगली हाय," ती म्हणाली, आणि गाठ सोडली.

सुमन, कोणी मला गाव विचारलं तर मी अजून आपलंच सांगते. पण घर म्हटलं की मला ती ओंजळभर जागा दिसते, आणि तिच्यावर दोरीला वाळत घातलेले पोरीचे लंगोट.