अप्पांचा सोमवार आणि बीपीच्या गोळ्या

लोह्यात माझं मेडिकल दुकान आहे, त्यामुळं आमच्या घरात कुणी औषध चुकीचं घेत नाही. निदान मी गावभर तसं सांगायचो.

दुकान सोमवारी बंद. म्हणून अप्पांना, म्हणजे वडिलांना, बीपी दाखवायला नांदेडला न्यायचं तेही सोमवारीच. डॉक्टरांनी आधी एकच गोळी दिली होती. महिन्यानं नेलं, तर बीपी जिथल्या तिथं! दुसरी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, म्हणून तिसरी आली. गोळ्या नेमानं घेतात ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी छाती फुगवून म्हणालो, "सर, माझं स्वतःचं मेडिकल आहे."

घरी येऊन मी सगळा राग लोणच्यातल्या मिठावर काढला. बरणीच कुलपात घातली.

इकडं दर मंगळवारी त्यांना ग्लानी यायची. सोमवारच्या उपासाचा अशक्तपणा, असं निदान करून (अर्थात मीच!) मी टॉनिक सुरू केलं. तिसरी गोळी आल्यावर मात्र पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी ते दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, स्टुलावरून खाली घसरले. तसंच गाडीत घालून नांदेड गाठलं.

बीपी पार खाली! सलाईन लावलं. दुपारी अप्पा उठून बसले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, सकाळी किती गोळ्या घेतल्या?

"सहा," अप्पा शांतपणे म्हणाले. "तीन आजच्या, तीन कालच्या. सोमवारी घेत न्हाई, मंगळवारी भरून काढतो."

माझं डोकंच फिरलं. "अप्पा, गोळीनं उपास मोडतोय का?"

"महादेव कशाला रागवंल गोळीला?" अप्पांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "हे बघ. नाष्ट्यानंतर, असं लिवलंय. सोमवारी आपल्यात नाष्टा असतोय का? मी तर लिवल्यापरमानं घेऊन राहिलो."

डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं. लाल शाई, खाली दोन रेघा, अक्षर माझं.

ह्या गोळ्या उपाशीपोटीही चालतात, राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नसते, हे डॉक्टरांनी अप्पांना समजावलं, पण बघत होते माझ्याकडं. सोमवारचं बिनगोळीचं बीपी बघून वाढवलेली तिसरी गोळी बंद केली. मग चष्मा काढून म्हणाले, "मेडिकल तुमचं स्वतःचं आहे ना?"

"भागीदारीत आहे, सर," मी म्हणालो.