प्रार्थनेतले टोले

आमच्या चर्चच्या मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितली की अर्ध्या बायका माना खाली घालतात. मी कधी घातली नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आवाज खणखणीत, शब्द न शोधता येणारे. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, "अक्कांना बोलवा" म्हणायचे. नम्रपणावर तर मी अशी काही प्रार्थना करायची की बायका डोळे पुसायच्या. आणि घरी येताना मी मनात म्हणायची, आज छान झाली.

प्रार्थनेत एक सोय असते. समोरच्यानं डोळे मिटलेले असतात आणि मध्ये बोलायची कुणाची टाप नसते. जे तोंडावर बोलता येत नाही ते देवाला सांगायचं, ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. नवरा होता तेव्हा "प्रभू, या घरातल्या तापट माणसांना शांती दे" म्हणून मी त्याला बरेच टोले हाणले. तो बिचारा आमेन म्हणून जेवायला बसायचा.

मग सून आली. आमचं घर हुबळीजवळच्या रायापूरला, ती तिथनं जवळच बेलूरच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीला. माहेर कन्नड, त्यामुळे मला अत्ती म्हणते, म्हणजे सासूबाई. मराठी मोडकंतोडकं. तिची प्रार्थना चार वाक्यांत संपायची आणि मी नंतर त्यातली दोन सुधारून द्यायची. तिला दिवस गेले तेव्हा मी म्हटलं, नोकरी सोड. ती म्हणाली, "डॉक्टर चालेल म्हणालेत, अत्ती." पाचव्या महिन्यात मूल गेलं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, कामाचा काही संबंध नाही, असं होतं कधी कधी. मी ते नीट ऐकलं. आणि तरीसुद्धा पुढच्या बुधवारी, बायकांची प्रार्थना आमच्याकडे होती तेव्हा, भरल्या खोलीत म्हणाले, "हे पित्या, हट्टापायी जे गेलं ते आम्ही तुझ्या हाती सोपवतो. आता तरी हिला नम्र कर."

सगळ्या आमेन म्हणाल्या. सून भिंतीला टेकून बसली होती. तेवढं मराठी तिला येत होतं. रडली नाही, उठून गेली नाही. त्यानंतर तिला पुन्हा मूल झालं नाही, आणि त्या वाक्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

चार वर्षं अशीच गेली. मग मी न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही धड टेकेना. मुलगा हुबळीला कामाला, सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. सून रजा काढून घरी राहिली आणि माझं सगळं तिच्या हातात गेलं. भांडं द्यायची, पुसायची, कूस बदलायची. एकदा तरी तिनं आदळआपट करावी असं मला वाटायचं, म्हणजे आम्ही बरोबरीला आलो असतो. ती करायची नाही. मी मात्र "पाणी फार गरम आहे", "हळू जरा", एवढंच. रोज ठरवायची, आज माफी मागायची. ती ओलं फडकं घेऊन समोर आली की जीभ टाळ्याला चिकटायची. जन्मभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलं आणि मला दोन शब्द बोलता येईनात, याचा इतका संताप यायचा की तोही तिच्यावरच निघायचा.

शेवटी एका दुपारी, ती माझे केस विंचरत असताना, मी डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभू, या लेकराच्या बाबतीत माझ्याकडून..."

"अत्ती," ती म्हणाली, "देवाला नंतर सांगा. मला सांगा की."

मी डोळे उघडले. ती कंगवा घेऊन समोर येऊन बसली. "चुकलं माझं," मी म्हणाले. "बाळाबद्दल बोलले ते खोटं होतं. खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं."

ती कंगव्यातले केस काढत म्हणाली, "त्या दिवशी खोलीत सगळ्या होत्या. त्यांना अजून ते खरंच वाटतंय. कुणाला दिवस गेले की माझं नाव सांगतात. सासूचं ऐकलं नाही, बघा काय झालं, म्हणतात."

हे मला माहीत नव्हतं. की होतं आणि मी कानाआड केलं होतं, देव जाणे. मी म्हटलं, "बुधवारी बोलाव सगळ्यांना."

आल्या. माझ्या पलंगाभोवती खुर्च्या टाकून बसल्या. "अक्का, आज तुम्हीच करा," म्हणत डोळे मिटले. मी म्हटलं, डोळे उघडा, मला बोलायचंय. आणि सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, मी जाणूनबुजून देवाचं नाव घेऊन खोटं बोलले ते, आणि सुनेचा कणभरही दोष नव्हता ते. सून दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे.

पाळकसाहेबांच्या पत्नींनी डोळ्याला पदर लावला. "एवढ्या मोठ्या बाई, पण सुनेपुढं किती लहान झाल्या. नम्रपणा शिकावा तर अक्कांकडून." एकीनं माझे हात धरले. दुसरी म्हणाली, ही साक्ष रविवारी मंडळीत सांगायलाच हवी. बाळाबद्दल कुणी काही बोललं नाही. सुनेकडं वळून एकजण म्हणाली ते एवढंच, "भाग्यवान आहेस गं, अशी सासू मिळाली."

"तसं नाही हो," मी म्हटलं. तर त्याचाही नम्रपणाच झाला, बायका आणखी गहिवरल्या. आणि काय लपवायचं, ते ऐकून मला आतून गोड वाटलं. अगदी पूर्वी वाटायचं तसं.

सून माझ्याच तोंडाकडं बघत होती. तिनं ते पाहिलं. ट्रे टेबलावर ठेवला आणि ती आत गेली. तिला हाक मारायला माझ्याकडं शब्द नव्हता, आणि मला उठता येत नव्हतं.