दुर्गाबाईंनी मंजनवाल्यांना कोर्टात खेचलं

काळेवाडीतल्या दुर्गाबाईंच्या खाणावळीत कायदा एकच होता: तंबाखू खाणाऱ्याला ताट नाही. बाई दारातच उभ्या राहत आणि कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या धटिंगणांना फर्मावत, "तोंड उघड." ज्याच्या तोंडाला वास, त्याची रवानगी नळावर. फोरमन उद्धवराव तर सासुरवाडीला आल्यासारखे घाबरत घाबरत चूळ भरून येत.

बाईंच्या या रागाला कारण होतं. परभणीकडून नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या, तेव्हा पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते. गालात तंबाखूचा बार ठेवून नवऱ्याची उभी हयात गेली, आणि तोंडाच्या कॅन्सरनं तो गेला. त्यानंतर बाईंनी खाणावळीची चूल पेटवली आणि ही शपथ घेतली.

मग अठ्ठ्याहत्तर साली बाईंची दाढ ठणकू लागली. दुकानदारानं लवंगेच्या वासाचं तांबूस मंजन दिलं. डबीवर लिहिलं होतं: 'शुद्ध वनस्पतींचे. दाढदुखी मुळापासून बरी. हिरड्या वज्रासारख्या.' मंजन लावताच दाढ गप्प झाली आणि वर मन कसं पिसासारखं हलकं! बाई सकाळी लावू लागल्या, मग दुपारीही, मग भाकऱ्या थापता थापता.

एकदा दुकानात माल आला नाही. दोन दिवसांत बाईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं, भातात घातलंच नाही, आणि "मावशी, जरा वाढता का?" म्हणणाऱ्या एका गरीब फिटरच्या अंगावर पळी फेकली. डोकं फुटत होतं. उद्धवरावांनीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रिकामी डबी हुंगली, तळाची भुकटी बोटावर घासली आणि म्हणाले, "बाई, ही तर तंबाखू. तुम्हाला चांगलीच सवय लागलीय."

बाई खुर्चीतच गार पडल्या. आणि मागे उद्धवराव! त्यांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण शेवटी भिंतीला टेकून पोट धरलं. "मावशी, तोंड उघडा!"

बाई आधी रडल्या, मग त्यांनाही हसू फुटलं आणि मग असा संताप आला, की त्या तडक नीलिमाच्या घरी गेल्या. नीलिमा शेजारच्या मास्तरांची लेक, नुकतीच वकील झालेली. अजून एकही खटला मिळाला नव्हता.

"मला न विचारता मपल्या तोंडात तंबाखू घातली गं त्यांनी! नवऱ्यानं निदान सांगून सवरून खाल्ली," बाई म्हणाल्या. "कायदा हाय का नाही?"

"आहे मावशी," नीलिमाचे डोळे चमकले. "औषधाची खोटी जाहिरात करणं गुन्हा आहे."

खटला उभा राहिला. तोवर बाईंनी मंजन सोडलं. ते महिने सोपे नव्हते. तलफ आली की त्या ओवा चघळत आणि खाणावळीतली पोरं त्यांच्याभोवती गाणी म्हणत, टाळ्या पिटत, तलफ जाईपर्यंत.

तारखेला अर्धी खाणावळ टेंपोत बसून पुण्याच्या कोर्टात हजर. मंजन कंपनीचे मॅनेजर यशवंतराव साक्षीला उभे राहिले. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल. "निव्वळ वनस्पती, साहेब. मी स्वतः रोज हेच मंजन वापरतो."

"मंग लावा की आत्ता, समद्यांसमोर!" दुर्गाबाई बाकावरून ओरडल्या.

न्यायाधीशांनी त्यांना दटावलं. मग चष्मा सावरत यशवंतरावांना विचारलं, "तुमची हरकत आहे का?"

हरकत कशी घेणार? रोज वापरतो म्हणून बसले होते. चिमूटभर मंजन त्यांनी दातांवर फिरवलं. क्षणात डोळ्यांना धारा, कपाळावर घाम. पहिली उचकी आली तेव्हा कोर्ट गप्प होतं. तिसरीला शिपायानं तोंडावर टोपी धरली. यशवंतराव कठड्याला लटकत म्हणाले, "थुंकू कुठे? पाणी द्या हो! मला तंबाखूची सवय नाही!"

मग जो हशा उसळला, तो खाली आवारात चहावाल्यापर्यंत गेला. स्वतः न्यायाधीश कागदाआड तोंड लपवून बसले. नीलिमाला पुढे फारसं बोलावंच लागलं नाही. कंपनीला दंड झाला. दाढदुखीची बढाई गेली, आणि नव्या डबीवर मोठ्या अक्षरांत छापावं लागलं: 'यात तंबाखू आहे.'

काही बायकांनी ते वाचूनही डबी घेतलीच. त्याचं बाईंना वाईट वाटे. पण काळेवाडीतल्या कितीजणींनी ती गटारात ओतली, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

निकालाच्या दिवशी कोर्टातून येताना टेंपोत असा धिंगाणा झाला, की चिंचवडला पोलिसानं गाडी अडवली. "लग्नाचं वऱ्हाड का?"

"न्हाई दादा," बाई फळकुटाला धरून ओरडल्या, "आमी खटला जिंकलोय!" आणि त्याच्या हातावर गरम जिलबी ठेवली.

पुढे ब्याऐंशी साली नीलिमाचं लग्न झालं. वरातीत बाई बँडपुढे अशा नाचल्या, की नवरदेवाकडचे बघतच राहिले. नीलिमानं सासूबाईंना ओळख करून दिली, "या माझ्या पहिल्या अशील."

"अशील बिशील काय न्हाई," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मी फिर्यादी हाय, फिर्यादी!" आणि त्यांनी सासूबाईंचाच हात धरून त्यांना नाचात ओढलं.