भाषण खालच्या मजल्यावर निघालं

आमच्या खाली राहणारे काका रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात माल तपासायचे. काका निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. टरबूज असो की गॅस सिलिंडर, बोटाने टकटक करतात आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणतात.

आमचं वायफाय बंद पडलं तेव्हा त्यांनी स्वतःचा पासवर्ड दिला. त्यावर मी गणेशोत्सवातलं माझं भाषण छापायला बसलो, तर आमचा नवा प्रिंटर ढिम्म. मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं, त्याला नाही नाही ते बोललो. शेवटी काकाच वर आले, हातात कागदांचा गठ्ठा.

"भाऊ, हे काहून पाठवून राहिले? आमचा प्रिंटर थांबूनच नाही राहिला."

यादीत दिसला तो पहिला प्रिंटर मी निवडला होता. तो त्यांचा होता.

"वाचलं का?" मी आशेने विचारलं.

त्यांनी गठ्ठ्यावर टकटक केलं. "कागद पास. चलो, पाठकोरे कामी येतील."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकावर, माझ्या भाषणाच्या पाठीवर, ‘यहाँ गाड़ी न लगाएँ’ लागलं. कोणी जुमानलं नाही. मग वाऱ्याने कागद उलटला आणि भाषण समोर आलं. तेव्हापासून तिथे कोणी थांबत नाही.