फुलचंद शेठची जिभेखालची गोळी

विसरवाडीत महामार्गाला लागून फुलचंद शेठचं मिरचीचं दुकान आहे. तिथे ट्रकचा भोंगाही ऐकू येतो, पण शेठच्या आवाजाखाली. पाणी पितानासुद्धा शेठ गिऱ्हाइकाशी बोलतात. पाणी आपली वाट शोधत खाली उतरतं.

छातीत कळ येऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी बारीकशी गोळी दिली. कळ आली की बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळू द्यायची. शेठनी मान डोलावली आणि पहिल्याच कळेला गोळी पाण्याबरोबर गिळली. जिभेखाली गोळी ठेवून भाव कसा सांगणार?

कळ हटेना. "गोळीच बोगस," शेठनी निकाल दिला. "तोंडात काय अन् पोटात काय!"

फार्मसी शिकणारी नात जिनल सुट्टीला आली होती. तिने कपाळावर हात मारला.

"दादाजी, शेतातलं पोतं तुम्ही थेट दुकानात घेता?"

"छट! आधी पथारीवर. तुझ्या आजीने निवडल्याशिवाय एक मिरची इकडे येत नाही."

पथारी म्हणजे दुकानामागचं मिरची वाळवायचं मैदान. तिथे राज्य आजीचं, म्हणजे दाखूबाईंचं.

"रक्ताचंही तसंच. पोट-आतड्यांतलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. सगळ्या शिरा मिळून आधी लिव्हरमध्ये जातात. तिथे निवडणं, मोडणं, साठवणं, मग पुढे. तुमची गोळी तिथेच मोडली. जिभेखालचं रक्त मात्र लिव्हरला टाळून हृदयाकडे जातं."

"म्हणजे माझ्या पोटातही दाखूच बसलीय?" शेठ दचकले. "मग गोळीची काय बिशाद!"

सोमवारी मिरची विकायला आलेले हिलालआप्पा पाटील भावावर अडून बसले असताना कळ आली. शेठ मटकन खाली बसले. गोळी जिभेखाली गेली, तोंड मिटलं.

"शेठ, काय व्हयनं? बोलत का नही?" आप्पा घाबरले. कळ थांबली नाही तर दवाखाना, म्हणून जिनल गाडीची किल्ली घेऊन उभी. शेठचे ओठ थरथरत होते. कळेने की अडकलेल्या भावाने, देव जाणे.

दाखूबाई धावत आल्या. त्यांनी शेठचा हात धरला.

"आता ऐका. लग्नापासून सांगायचंय, पण तुम्ही मध्येच बोलता. तुमचा आवाज पथारीवर येतो ना, तेवढ्यावर माझा हात चालतो. मघाशी आवाज थांबला अन् मिरच्या तशाच टाकून आले. पुन्हा गोळी गिळाल तर बघा."

हळूहळू कळ ओसरली. गोळीही विरघळली. शेठनी तोंड उघडलं नाही.

"मग भाव?" आप्पांनी विचारलं.

शेठनी बोट ओठांवर ठेवून त्यांनाच गप्प केलं आणि दाखूबाईंकडे पाहिलं: पुढे?