मनमाडचा नवरा

घर कसं चालतं, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, थोडं फॉल-पिकोचं, थोडं इकडचं तिकडचं. इकडचं तिकडचं म्हणजे पोटगी. हा शब्द माझ्या तोंडून कधी सरळ निघालाच नाही. इतर बाबतीत माझी जीभ चांगली तिखट आहे, भाजीवाल्यापासून भावापर्यंत कुणालाही विचारा. पण पोटगी म्हटलं की मान खाली.

घटस्फोट झाला तो नव्वदच्या दशकात, ते दशक निम्मं सरल्यावर. मूल झालं नाही आणि त्याला दुसरी करायची होती, एवढीच गोष्ट. माझ्या वकीलबाईंनी कोर्टाचा हुकूम समजावून सांगितला. दर महिन्याला त्यानं पैसे द्यायचे, अगदी जन्मभर. मी दुसरं लग्न केलं तर मात्र तो अर्ज करून बंद करू शकतो. 'ही भीक नाही,' असं त्यांनी दोनदा बजावलं. तुम्ही त्याचं घर सांभाळलंत, त्याच्या आईचं दुखणं काढलंत, म्हणून तो खात्याच्या परीक्षा देऊ शकला. त्या वर्षांचा पगार तुम्हाला कुणी दिला का? मी मान डोलवली. डोक्याला पटलं होतं. पण पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की मी सही करून पटकन दार लावून घ्यायची.

माहेर येवल्याचं. भाऊ म्हणाला, ये इकडंच. वहिनी काही म्हणाली नाही, आणि तिचं ते काही न म्हणणं मला बरोबर कळलं. म्हणून नाशिकमध्येच खोली शोधायला लागले. कसली खोली आणि कसलं काय! जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? खरं सांगितलं की खोली अचानक मालकाच्या पुतण्याला द्यायची ठरलेली असायची. अख्ख्या नाशिकमध्ये इतके पुतणे कुठून आले देव जाणे. एका घरच्या बाईनं तर मला उंबऱ्यावरच थांबवलं आणि आत बसलेल्या नवऱ्याला शर्ट घालायला सांगितलं, जणू मी त्याला पळवायलाच आले होते.

त्या दिवशी मेन रोडला जाऊन मी एक खोटं मंगळसूत्र घेतलं. खरं होतं ते त्याच्या तोंडावर परत फेकून आले होते. तेव्हा रग होती. दुकानदार म्हणाला, ताई, दोन वर्षं काळं पडणार नाही. मी त्याच्याशी घासाघीससुद्धा केली. घरी येईपर्यंत पदर गळ्याशी धरून होते.

सिडकोत एका काकूंनी खोली दाखवली. त्या सिन्नरकडच्या, काका कारखान्यात कामाला. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मिस्टर मनमाडला असतात, रेल्वेत. हे बस स्टॉपवर उभी असताना ठरवून ठेवलं होतं. मनमाड जवळ आहे, म्हणून नवरा खरा वाटतो; आणि रेल्वेची ड्युटी अशी, की माणूस घरी का येत नाही हे कुणी विचारत नाही. दर महिन्याची मनिऑर्डर त्यांना दिसायचीच. काकू म्हणायच्या, येत नाय पण पैसं येळेवर धाडतो, चांगला हाय बिचारा. मी हसायची. काय करणार?

काकूंनी मला लेकीसारखं ठेवलं, हे खोटं नाही. ताप आला तर उशाशी बसायच्या, आणि त्यांच्या घरची पुरणपोळी मला मिळाली नाही असा सण गेला नाही. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला पाच सवाष्णी बसवायच्या होत्या, तर काकूंनी पहिला मान मला दिला. तेव्हा मी काहीतरी सांगून उठायला हवं होतं. पाळी आलीय म्हणायचं, पोटात दुखतंय म्हणायचं. पण मी उठले नाही. इतक्या वर्षांत मला कुणी कशात पहिलं बसवलं नव्हतं. त्या पोरीच्या गालाला मी पहिली हळद लावली, आणि मला फार बरं वाटलं.

मग दोन हजार साल उलटल्यावर नवऱ्याचा अर्ज आला. त्यानं दुसरं लग्न केव्हाच केलं होतं. मला शहर बसमध्ये कुणीतरी मंगळसूत्रासकट पाहिलं होतं. हिनंही लग्न केलंय, पोटगी बंद करा, असा अर्ज. वकीलबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, घालता का? मी पदर बाजूला केला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, कोर्टात खरं सांगून टाकू. मी म्हटलं, घरमालकीण कळल्यावर खोलीत ठेवणार नाही. त्या म्हणाल्या, पोटगी गेली तर भाडं कशातून भरणार आहात? मी पदर पुन्हा गळ्याशी ओढून घेतला.

पुढचा घाव असा, की त्याच्या वकिलानं साक्षीला काकूंनाच बोलावलं. समन्स हातात घेऊन त्या माझ्या दारात आल्या. तेव्हाच सगळं सांगायचं, तर मी सांगितलं अर्धं. पहिलं लग्न मोडलंय, तो माणूस त्रास देतोय, एवढंच. मनमाडचा नवरा तसाच ठेवला. काकूंनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, भिऊ नको, मी हाय ना.

सीबीएस स्टँडजवळच्या त्या कोर्टात काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. वकिलानं विचारलं, या बाईंना नवरा आहे का? काकूंना वाटलं, हा हिच्या चालचलणुकीवर बोट ठेवतोय, नवरा नसताना ही कुणाबरोबर राहते असं विचारतोय. त्या ताठ झाल्या.

"हाय की. लाखात एक माणूस हाय. म्या माझ्या हातानं चहा दिलाय त्याला."

त्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, बघ, कसं सांभाळून घेतलं.  त्या बिचारीनं माझी अब्रू राखायला देवाची शपथ घेऊन खोटं सांगितलं होतं, आणि त्याच खोट्यानं माझी पोटगी जाणार होती.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, आता तुम्हाला त्यांना खोटं पाडावं लागेल. गप्प राहिलात तर संपलं. मला त्या क्षणी माझा, त्या कोर्टाचा, त्या मेल्या मंगळसूत्राचा असा संताप आला! पण दुपारी नाव पुकारलं तेव्हा संताप कुठल्या कुठं गेला. पिंजऱ्यात उभी राहिले. जज्जसाहेबांनी मोठ्यानं बोला असं दोनदा सांगितलं.

"माझं दुसरं लग्न झालेलं नाही. मनमाडला कुणी नाही. काकूंनी कुणालाच चहा दिलेला नाही. हे मंगळसूत्र मीच विकत घेतलंय, खोली मिळावी म्हणून."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझा पहिला नवरा स्वतःच्या बुटांकडं बघत होता. तो हसला असता किंवा चिडला असता तरी चाललं असतं. त्याला माझी कीव आली होती आणि ते मला सहन होत नव्हतं. साहेबांनी काकूंना उभं करून खोट्या साक्षीबद्दल चांगलं फैलावर घेतलं. साठीच्या त्या बाई भर कोर्टात हात जोडून उभ्या राहिल्या. शेवटी समज देऊन सोडलं. पुढं त्याचा अर्जही फेटाळला गेला. म्हणजे मी जिंकले, असं म्हणायचं.

घरी आम्ही एकाच बसनं आलो, वेगवेगळ्या बाकांवर बसून. दिवेलागणीला काकू माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मी ट्रंक भरायला घेतली होती. म्हटलं, आता शिव्या देतील, आणि त्यांनी द्याव्यातच. कोर्टाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

"माझ्या पोरीला पहिली हळद तू लावलीस."

मी हो म्हटलं. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर रडू यायला लागलं, म्हणून पुन्हा मिटलं. त्याही डोळे पुसत होत्या. पोर नुकतीच सासरी रुळली होती, पहिलटकरीण होती. तिच्या संसाराला माझ्या हातानं काय लागलं असेल, एवढाच विचार त्या दिवसभर करत होत्या. मग त्यांनी विचारलं, तो पैसं देतो ते किती दिवस द्यायचं? मी सांगितलं, जन्मभर. मी लग्न केलं तरच बंद.

काकूंनी हे मनातल्या मनात फिरवून बघितलं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"मंग झालं तर. जन्मभर पोसतो तो नवराच की. दुसरा केला तर बंद, म्हंजे अजून तू त्याचीच. कोर्टानंच सांगितलं. सवाष्णच हायेस तू." आणि मग अगदी बारीक आवाजात, "हायेस ना?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तो मला पोसत नाही, काकू. ते माझ्या वर्षांचे पैसे आहेत, माझ्या हक्काचे, आणि मी कुणाचीही नाही. हे सिद्ध करायला मी भर कोर्टात उघडी पडले होते, त्यालाही अजून एक दिवस झाला नव्हता. पण समोर ती आई बसलेली, आणि खरं सांगते, मागं ट्रंक उघडी होती.

"हो," मी म्हटलं. "आहे."

काकू उठून घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मी कपाळ पुढं केलं.